भज्याच्या तेलावर जीप: एका घाण्याला वीस लिटर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, डिझेल पंप जुळवून देणाऱ्या कॅलिब्रेशनवाल्या मिस्त्रीनं माझ्या जीपचा पंप उघडला, आतला प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, चिमटीत धरून उजेडात नेला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "सर, पंपाला भजी चारलासा काय?" प्लंजरवर पिवळट, चिकट लेप चढला होता. साबणच तो. मी आयटीआयला तीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. त्या मिस्त्रीला इंजेक्टर खोलायला मीच शिकवलेलं. त्या दिवशी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर मी विद्यार्थ्यासारखा बसलो होतो.

माझा पहिला घाणा असा गेला. चूक केमिस्ट्रीत नव्हती, घाईत होती. तळणाच्या वापरलेल्या तेलाचं इंधन, म्हणजे बायोडिझेल, करायला एक तास लागतो आणि ते पंपात घालण्याइतकं स्वच्छ करायला चार दिवस. मी ते चार दिवस खाल्ले होते. म्हणून खाली जे सांगतोय त्यात बनवण्यापेक्षा धुण्या-वाळवण्यावर जास्त बोलेन. कंटाळा आला तरी तो भाग गाळू नका.

हे वेड जुनं आहे. पंचगंगेच्या पलीकडं आमचं गुऱ्हाळ होतं. चरकाला पट्ट्यानं जोडलेलं एका सिलिंडरचं संथ ऑइल इंजिन. वडील हँडल मारायचे, चाकानं वेग घेतला की झडप उघडी धरणारी डीकॉम्प्रेशनची खिट्टी पाडायचे, आणि टुक... टुक... टुक सुरू व्हायचं. त्या इंजिनाच्या थंडाव्याच्या टाकीतलं ऊन पाणी ही आमची थंडीतली अंघोळ. डिझेल संपलं की वडील काय काय त्यात ओतायचे हे इथं लिहीत नाही, पण ते इंजिन सगळं पचवायचं. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: हे यंत्र नेमकं काय काय खाऊ शकतं?

उत्तर तसं शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि बघणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा मारला की तो पेटतो. त्यामुळं तेल कुठलं याला इंजिनाची फारशी हरकत नसते. हरकत असते ती पंपाची आणि नोझलची. खाद्यतेल डिझेलच्या दहापट किंवा त्याहून जास्त घट्ट असतं. फवारा बारीक होत नाही, थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी कोक, म्हणजे कडक काजळी, धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. काही लोक सरळ गाळलेलं तेल टाकीत ओततात आणि "चालतंय की" म्हणतात. चालतं. काही महिने.

म्हणून तेल पातळ करायचं. रॉकेल ओतून नव्हे, तर त्याचा रेणू तोडून. तेलाचा रेणू म्हणजे एका दांड्याला तीन शेपट्या. दांडा ग्लिसरीनचा, शेपट्या फॅटी आम्लांच्या. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचा पोटॅश नव्हे) घालून गरम ठेवलं की शेपट्या सुटतात आणि मिथेनॉलला जाऊन चिकटतात. ग्लिसरीन जड, ते खाली बसतं. वर राहतं ते बायोडिझेल.

आधी गाडीचं बघा, कारण इथं नाही म्हणायची वेळ आली तर पुढचं वाचायचा त्रास वाचेल. माझी जीप १९९४ ची महिंद्राची एमएम ५४० आहे, प्युजो बनावटीचं २११२ सीसीचं इंजिन, आधी छोट्या कोठीत पेट घेणारं, हीटर प्लगवालं. असली जुनी मेकॅनिकल पंपाची इंजिनं, शेतातली ऑइल इंजिनं, जुने ट्रॅक्टर यांना हे इंधन मानवतं. कॉमन रेलवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरच्या नव्या गाडीत घरचं बायोडिझेल घालू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढं असतो, आणि साबणाचा एक कण इंजेक्टरचा घास घेतो. बीएस ६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला जादा इंधन फवारलं जातं. त्यातलं बायोडिझेल न उडता सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशी गाडी घेऊन माझ्याकडं एक भाचेजावई आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आता तेल. आमच्या कोल्हापुरात तळणाला तोटा नाही. वड्या-भज्यांचे गाडे, फरसाणवाले, लग्नाचे आचारी. पण सगळं तेल सारखं नसतं. मिसळीच्या कटावरचा तवंग, तांबड्या रश्श्यातली तर्री यांच्या नादाला लागू नका. त्यात मीठ, मसाला आणि पाणी असतं, आणि तिन्ही आपले शत्रू. मला सगळ्यात चांगलं तेल मिळतं ते एका शेव-पापडीवाल्याकडून. तो कढईतलं तेल वेळेवर बदलतो. २०१८ पासून नियमही आहे की तळणाच्या तेलातले पोलर घटक, म्हणजे तळून तळून तेल बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल लागणाऱ्यांना तर नोंदवहीही ठेवावी लागते. असं बाद तेल गोळा करून बायोडिझेलकडं वळवायची 'रुको' नावाची सरकारी योजना त्याच वर्षी आली. त्यामुळं आता वापरलेलं तेल फुकट मिळायचे दिवस गेले, गिऱ्हाईक वाढलंय. माझ्या ओळखीच्या गाडेवाल्याला मी रिकामे डबे धुऊन परत देतो आणि दिवाळीला फराळाचा पुडा. भाव त्यानं ठरवायचा.

एक प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारा: तळण पामतेलात की सोयाबीनमध्ये? पामतेलाचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा त्याखाली जातो, गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर तर विचारू नका. सोयाबीनचं शून्याच्या जवळपासपर्यंत तग धरतं. मी डब्यांवर खडूनं 'पा' आणि 'सो' लिहून ठेवतो. पाम उन्हाळ्यात, सोयाबीन थंडीत.

डबे आणले की आठवडाभर उन्हात ठेवा, हलवू नका. गाळ खाली बसतो. वरचं तेल जुन्या धोतराच्या दुपदरी कापडातून गाळा. तळाचा चार बोटं गाळ मोहापायी ओतू नका.

मग पाणी काढायचं. हे ओळखायला आपल्या स्वयंपाकघराएवढी चांगली प्रयोगशाळा नाही. तापलेल्या तव्यावर चमचाभर तेल टाका. फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे. असं तेल साठ अंशांपर्यंत तापवून रात्रभर स्थिर ठेवा, तळाचं पाणी नळानं सोडा, आणि मग उरलेलं तेल हळूहळू १०५ ते ११० अंशांपर्यंत नेऊन ढवळत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. तळाशी पाणी राहिलं असेल तर ते एकदम उसळतं आणि तेल उतू जातं. आमच्या परसात शेगडीच्या आजूबाजूची फरशी अजून काळी आहे. आमची मंडळी पाहुण्यांना ती दाखवतात.

पाणी का काढायचं? पाणी असेल तर पोटॅश इंधन बनवायच्या ऐवजी साबण बनवतो. तेवढंच.

आता तेल किती आंबलंय ते मोजायचं. वारंवार तळलेल्या तेलात सुटी झालेली आम्लं असतात. ती पोटॅश खातात, म्हणून त्यांचा हिस्सा आधी द्यावा लागतो. एक ग्रॅम कॉस्टिक पोटॅश एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीत वरून घालतात ते, ॲसिड नव्हे) विरघळवा. औषधाच्या बाटलीत दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात एक मिलिलिटर तेल, आणि रंगासाठी चिमूटभर हळद अल्कोहोलमध्ये कालवून तिचे पाच-सहा थेंब. प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीन वापरतात, पण हळद काम करते. हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. इथंही तेच. मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज घेऊन पोटॅशचं पाणी थेंब थेंब सोडा, बाटली हलवत राहा. पिवळा रंग जाऊन विटकरी लाल आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिलिलिटर गेले तितके ग्रॅम जादा पोटॅश दर लिटर तेलाला. तेल घालण्यापूर्वी नुसत्या अल्कोहोलवर हीच चाचणी करून घ्या. अल्कोहोलच आम्लधर्मी असेल तर आकडा चुकतो.

माझ्या शेववाल्याच्या तेलाला दीड-दोन लागतात. एका लग्नाच्या आचाऱ्याच्या तेलाला सात लागले होते, ते मी परत दिलं. पाचच्या वर आकडा गेला तर घरगुती माणसानं सोडून द्यावं. आम्ल घालून आधी सुधारायची पद्धत आहे, पण तिच्यात सल्फ्युरिक ॲसिड येतं आणि ते मी परसात आणत नाही. करंजाच्या तेलाचंही तसंच. आमच्या ओढ्याकाठी करंजाची झाडं आहेत, बिया गोळा करून तेलघाण्यावर तेल काढलं होतं. आकडा इतका वर गेला की सिरिंज दोनदा भरावी लागली.

मूळ हिशेब असा. शुद्ध पोटॅश असेल तर ताज्या तेलाला दर लिटरला ४.९ ग्रॅम पुरतो. बाजारातला साधारण नव्वद टक्के शुद्ध असतो, म्हणजे साडेपाच. मी सात धरतो. साबण थोडा वाढतो, पण तेल अर्धवट राहत नाही, आणि साबण धुता येतो, अर्धवट तेल धुता येत नाही. वीस लिटर तेल, चाचणीचा आकडा दोन: सात अधिक दोन म्हणजे नऊ, गुणिले वीस, १८० ग्रॅम. मिथेनॉल तेलाच्या बावीस टक्के, म्हणजे ४.४ लिटर. पोटॅश किलोच्या तराजूवर मोजू नका. मी पहिल्यांदा गुजरीतल्या एका मित्राच्या सोन्याच्या काट्यावर मोजला. तो अजून सांगतो की त्याच्या काट्यावर इतकं स्वस्त काही कधी चढलं नव्हतं. पोटॅश पावसाळ्यातल्या मिठासारखा पाणी ओढतो, म्हणून डबा उघडून लगेच बंद करा.

आता जरा गंभीर.

मिथेनॉल हे विष आहे, कायद्याच्या नजरेतही. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, तो जी कागदपत्रं मागेल ती द्या, पावती जपून ठेवा. दहा मिलिलिटर पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. कातडीतूनही शिरतं, वाफेतूनही शिरतं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क त्याची वाफ अडवत नाही. त्याची आग उन्हात दिसत नाही, फिकट निळी असते, हात भाजल्यावरच कळतं. म्हणून हे काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करा. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पायात बूट. दहा पावलांत शेगडी नको, बिडी नको, मोबाईल खिशात नको. घरात लहान मूल असेल तर मिथेनॉल कुलपात, आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. एवढं पाळणं शक्य नसेल तर हा उद्योग करू नका, गाडीत पंपावरचं डिझेल घाला. माझा राग नाही.

जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या कॅनमध्ये मिथेनॉल घ्या आणि त्यात पोटॅश थोडा थोडा टाका. कॅन आपोआप कोमट होतो, घाबरू नका, पण सगळा एकदम टाकू नका. झाकण लावून हलकेच गोल फिरवा, मधून मधून झाकण सैल करून वाफ जाऊ द्या. खडे पूर्ण विरघळेपर्यंत अर्धा तास जातो. हे मिश्रण कातडीवर उडालं तर आधी सुन्न करतं आणि मग जाळतं, त्यामुळं उडालेलं कळत नाही. नळाची पाइप चालू स्थितीत शेजारी ठेवा.

भांड्याबद्दल. दूधसंस्थेची जुनी चाळीस लिटरची कॅन बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. झाकण घट्ट, कान मजबूत, भंगारात स्वस्त. पण ती ॲल्युमिनियमची. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन सोडतो. वर मिथेनॉलची वाफ, खाली हायड्रोजन, म्हणजे आमच्या भाषेत जाळ आणि धूर संगटच. स्टीलची टाकी घ्या. माझी तीस लिटरची आहे, उद्यमनगरातून बनवून घेतली, तळ निमुळता, तळाला बॉल व्हॉल्व्ह, झाकणाला मधोमध रवीचा दांडा आणि कडेला नळी जोडायला तोंड. व्हॉल्व्ह पितळी नको, स्टीलचा. नळी उघडी ठेवून लांब बाहेर सोडलेली, कारण हा काही प्रेशर कुकर नाही. रवी फिरवायला हातातलं ड्रिल वापरू नका, त्याच्या कार्बन ब्रशांतून ठिणग्या पडतात. मी भिंतीपलीकडं इंडक्शन मोटर ठेवलीय आणि पट्टा भिंतीतून आणलाय. गुऱ्हाळाची आठवण म्हणा. मोटर नसेल तर दांड्याला हँडल लावा आणि पुतण्याला बसवा.

तेल शेगडीवर ५५ अंशांपर्यंत तापवायचं, शेगडी विझवून दूर न्यायची, तेल टाकीत ओतायचं, झाकण लावायचं आणि मगच मिथेनॉल-पोटॅश बारीक धारेनं आत सोडायचं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्याच्या जवळ जायचं नाही. टाकीला गोधडी गुंडाळा आणि एक तास ढवळा. पाच-दहा मिनिटांत आत रंग बदलतो, आधी गढूळ, मग एकदम पातळ आणि लालसर. हे बघायला मी झाकणाला काच बसवून घेतलीय. गरज नव्हती, पण बघायला आवडतं.

अर्धं काम इथं झालं असं वाटतं. रात्रभर ठेवा. सकाळी तळाचा व्हॉल्व्ह उघडला की काकवीसारखं काळपट, घट्ट ग्लिसरीन येतं, वीस लिटरला तीन-चार लिटर. धारेचा रंग काकवीवरून चहावर आला की व्हॉल्व्ह बंद.

आता ती चाचणी, जी मी पहिल्या घाण्याला केली नव्हती. औषधाच्या स्वच्छ बाटलीत २७ मिलिलिटर मिथेनॉल आणि ३ मिलिलिटर तयार झालेलं इंधन. जोरात हलवा, अर्धा तास ठेवा. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, तेल विरघळत नाही. तळाशी तेलाचा ठिपका दिसला तर घाणा कच्चा आहे. रडायचं नाही. पुन्हा ५५ अंशांपर्यंत तापवा, पण आधीच्या घाण्याची मिथेनॉलची वाफ आत असते, म्हणून टाकीखाली जाळ न लावता टाकी गरम पाण्याच्या मोठ्या टबात बसवून. एक लिटर मिथेनॉलमध्ये पंचवीस-तीस ग्रॅम पोटॅश घालून पुन्हा तासभर ढवळा. दुसऱ्या खेपेला बहुतेक पास होतं.

मग धुणं. वरच्या थरात साबण, उरलेलं मिथेनॉल आणि पोटॅश असतोच, आणि माझ्या प्लंजरवर चढला तो हाच. पाच-सहा लिटर कोमट पाणी बागेच्या झारीनं वरून हळुवार शिंपडा. पाणी इंधनातून खाली उतरताना साबण घेऊन जातं. पहिलं पाणी दुधासारखं येतं. ते सोडून द्या आणि दुसरं घाला. पहिल्या दोन पाण्यांना अजिबात ढवळू नका. मी ढवळलं होतं. टाकीभर कढी झाली, पिवळी, फेसाळ, तीन दिवस तशीच. शेवटी मीठ घातलेलं ऊन पाणी घालून ती फुटली. चौथ्या पाण्याला जरा ढवळलं तरी चालतं. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, चार-पाच वेळा. खात्री करायला बरणीत निम्मं इंधन, निम्मं पाणी घेऊन वीस वेळा जोरात हलवा. दहा-पंधरा मिनिटांत दोन थर, मध्ये स्वच्छ रेघ, पाणी पारदर्शक. मध्ये पांढरी साय राहिली तर अजून एक पाणी.

हे धुवण गटारात सोडू नका. आपली गटारं नाल्याला आणि नाला पंचगंगेला मिळतो, आणि पंचगंगेनं असलं पाणी किती प्यायलंय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मी उघड्या पसरट टाकीत ते उन्हात आटवतो आणि उरलेला साका थोडा थोडा शेणखताच्या खड्ड्यावर टाकतो. पोटॅश असल्यानं खताचं काही बिघडत नाही, कॉस्टिक सोडा वापरला असता तर हे करता आलं नसतं. ग्लिसरीनही असंच, मिथेनॉल उडून जाईपर्यंत महिनाभर उघड्यावर, लोकांपासून लांब. त्यापासून ग्रीसचे हात धुवायचा साबण करणारे आहेत. मी फक्त वर्कशॉपची फरशी घासतो.

धुतलेलं इंधन गढूळ दिसतं, कारण त्यात पाणी अडकलेलं असतं. पसरट स्टीलच्या परातीत घालून वर जाळी टाकून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. काचेच्या ग्लासात ओतून मागं वर्तमानपत्र धरा. बारीक अक्षरातली भाववाढीची बातमी सुद्धा स्पष्ट वाचता आली की वाळलं. शेवटी पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ड्रममध्ये. वीस लिटर तेलाचं अठरा-एकोणीस लिटर हातात येतं.

गाडीत पहिल्यांदा घालताना दहा लिटर डिझेलला एक लिटर, मग हळूहळू दहाला दोन-अडीच. मी वीस टक्क्यांच्या वर जात नाही. जास्त जाणारे आहेत, त्यांची मर्जी. बायोडिझेल हे चांगलं धुणारं द्रव्य आहे. जुन्या टाकीच्या तळाला पंचवीस वर्षांचा जो गाळ चिकटलेला असतो तो ते सोडवतं, आणि तो थेट डिझेल फिल्टरमध्ये जाऊन बसतो. माझी जीप कळे ओलांडल्यावर धापा टाकायला लागली आणि गगनबावड्याच्या अलीकडं बंद पडली. जवळ जादा फिल्टर होता म्हणून बरं. रस्त्याकडेला फिल्टर बदलला, हँड पंप मारून एअर काढली आणि चढलो वर. तुम्ही पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर बदलाच, आणि एक फिल्टर, दोन पाने सीटखाली ठेवा. जुन्या रबरी नळ्या या इंधनानं फुगतात, मऊ पडतात. त्या वायटॉनच्या, म्हणजे इंधन सोसणाऱ्या खास रबराच्या, बदलून घ्या, खर्च फार नाही. इंजिन ऑइल मी नेहमीपेक्षा लवकर बदलतो.

फरक काय पडतो विचाराल तर, आवाज थोडा मऊ होतो आणि ज्योतिबाचा डोंगर चढताना मागं काळा धूर कमी दिसतो. लिटरमागं ऊर्जा डिझेलपेक्षा आठेक टक्के कमी, पण वीस टक्के मिश्रणात ॲव्हरेजचा फरक माझ्या वहीत तरी हुडकावा लागतो. बायोडिझेलला वंगणाचा गुण आहे, आणि कमी गंधकाच्या डिझेलमध्ये पंपाला तो हवाच असतो. स्वस्त पडतं का, याचं उत्तर तुम्ही तुमच्या वेळेची किंमत काय धरता त्यावर आहे. मी निवृत्त आहे.

साखर कारखान्याचं इथेनॉल का वापरत नाही, हा इथला हमखास प्रश्न. इथेनॉल पेट्रोलचा सोबती आहे. दाबानं पेटायला ते नाखूष असतं, म्हणून डिझेल इंजिनात नुसतं चालत नाही. मिथेनॉलच्या जागी घेऊन तेल तोडता येतं, पण त्यात पाण्याचा अंशही चालत नाही आणि ग्लिसरीन वेगळं व्हायला नखरे करतं. शिवाय उत्पादन शुल्क खात्याच्या दारात कोण उभं राहणार?

आणि मोगली एरंड. २००३ च्या सुमाराला सरकारनंच डिझेलचं झाड म्हणून त्याचा गाजावाजा केला, तेव्हा आमच्याही बांधावर मी लावला होता. पाणी नको, खत नको, असं सांगितलेलं. पाणी नाही दिलं तर बियाही येत नाहीत, हे सांगितलं नव्हतं. आता त्याचं कुंपण झालंय, शेळ्या खात नाहीत एवढाच फायदा. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे, आणि त्यात वापरलेल्या तेलालाही जागा आहे. ते मोठ्या कारखान्यांचं काम. आपण केलेलं आपल्या गाडीपुरतं. शेजाऱ्याला विकायचा मोह झाला तर आवरा, विक्रीला परवाने लागतात आणि त्याचा पंप बिघडला तर तो तुमच्याच दारात येतो.

साठवणीचं शेवटी सांगतो, पण वर्षाचं गणित त्यावरच बसतं. हे इंधन हवेतला दमटपणा ओढतं आणि जुनं झालं की आंबतं, वार्निशासारखा वास येतो. ड्रम काठोकाठ भरलेला, सावलीत, तोटी पितळेची किंवा तांब्याची नको, आणि चार महिन्यांच्या आत संपवायचं. पावसाळ्यात इथं काही वाळत नाही, कपडे वाळत नाहीत तिथं इंधन काय वाळणार. म्हणून माझे घाणे फेब्रुवारी ते मे, आणि पुन्हा दिवाळीनंतर एक-दोन, तेही सोयाबीनचे. मृग लागायच्या आत ड्रम रिकामा करतो, टाकीत फक्त पंपावरचं डिझेल भरतो, आणि गाडेवाल्याला डबे धुऊन देऊन येतो.